नागपूरचा मे महिना आणि निळा समुद्र

पत्र: ताई, माझी मुलगी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सहा वर्षांची होईल. तिला ‘समुद्राखालचा’ वाढदिवस हवा आहे. निळा केक, मासे, शिंपले, जलपरी, सगळं. आम्ही नागपूरला राहतो. तीस मुलं येतील. घरात अंडं चालत नाही. ओटीजी, म्हणजे छोटी विजेची भट्टी आहे, पण आजवर साधा केकच केलाय. मोबाइलवर तीनमजली फाँडंट केक, कपकेक, केकपॉप, मॅकरॉन असं भरलेलं टेबल दिसतं आणि तिला तसंच हवं असतं. सराव म्हणून निळं बटरक्रीम करून पाहिलं, तर ते हिरवट झालं आणि थोड्या वेळात ओघळलंही. सासूबाई म्हणतात, हे रंग म्हणजे विष, पोरांच्या पोटात घालू नकोस. घरी रंग करावा तर बिटाचा केक तपकिरी झाला. नवरा म्हणतो, बेकरीतून मागव आणि मोकळी हो. काय करू?
– एक आई, नागपूर

उत्तर: लेकीला आधी भरभरून आशीर्वाद. आता हिरव्या क्रीमबद्दल. त्यात तुमचा हात कुठेही चुकलेला नाही. पोळीला लावायचं नेहमीचं खारं बटर पिवळं असतं, कारण त्यात शेंदरीच्या बियांचा रंग, म्हणजे अ‍ॅनाटो, घातलेला असतो. पाकिटावर घटकांच्या यादीत तो लिहिलेला सापडेल. पिवळ्यात निळा पडला की हिरवा होणारच. यावर उपाय म्हणजे बिनमिठाचं पांढरं बटर घ्यायचं आणि ते बीटरने एकटंच पाच-सात मिनिटं फेटायचं. फेटताना हवा शिरते आणि ते जवळजवळ पांढरं होतं. तरीही पिवळी झाक राहिली तर टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच जांभळा रंग आधी मिसळा. जांभळा पिवळ्याला मारतो, क्रीम शुभ्र दिसायला लागतं, आणि मग निळा घातला की तो निळाच राहतो. घरचं लोणी मात्र यासाठी घेऊ नका. त्यात ताकाचा अंश असतो आणि क्रीम फुटतं.

ओघळण्याचं कारणही बटरच. ते साधारण 32 अंशांच्या पुढे टिकत नाही, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. ही लढाई क्रीमने जिंकता येणार नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: निळ्या क्रीमवर समुद्र उभा करू नका. मुलांना मासा दिसला की समुद्र दिसतो. थीम आकारातून सांगा आणि रंग अगदी थोड्या जागी, वरच्या पातळ थरात ठेवा. तुमच्या सासूबाईंची काळजी, तुमचं ऊन आणि तुमचा वेळ, तिन्ही त्याने सांभाळले जातील.

टेबलावरून आधी काय काढायचं ते सांगते. मॅकरॉन काढा. ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाशिवाय नीट होत नाहीत आणि अनुभवी हातांनाही दगा देतात. केकपॉप काढा, तीस काड्या तीस वेळा चॉकलेटमध्ये बुडवत बसण्यात एक अख्खी दुपार जाते. आणि फाँडंट, म्हणजे केकवर चढवायची साखरेची लाटलेली पोळी, तर नक्कीच काढा. ते फोटोत सुरेख दिसतं, पण चवीला नुसती चिवट साखर असते. वाढदिवसाला गेलात तर बघा, मुलं ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. शिवाय ते फेटलेल्या क्रीमवर विरघळतं, फ्रिजमधून बाहेर काढलं की त्याला घाम सुटतो आणि मजले सरकतात. तीन मजले तुम्हाला हवेत की मोबाइलला, हे एकदा स्वतःशीच ठरवा.

उरतं काय? कापायला एक लहान केक, तीस कपकेक, माशांची बिस्किटं आणि निळी जेली. माझ्या मते या टेबलाची राणी जेलीच असेल, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते.

जेली चायना ग्रासची करा, जिलेटिनची नको. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, त्यामुळे तुमच्या घरात ते तसंही चालणार नाही. त्यापेक्षा मोठं कारण उन्हाचं आहे. जिलेटिनची जेली साधारण 35 अंशांना पुन्हा पाणी होते. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून काढतात. ते 35-40 अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि एकदा झालं की 85 अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे नागपूरच्या दुपारीही टेबलावर निर्धास्त उभा राहील असा हा गोड पदार्थ. समुद्राच्या वाढदिवसाला समुद्रातलंच शेवाळ, हे लेकीला सांगा. तिला फार आवडेल.

निळा रंग गोकर्णाच्या फुलांचा. दारात वेल असेल तर ताजी फुलं देठ काढून घ्या, नसेल तर वाळलेली फुलं चहासाठी विकायला असतात. पण ती खाण्यासाठी म्हणून पॅक केलेलीच घ्या, पूजेच्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. मूठभर फुलं गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळलीत की निळंशार पाणी मिळतं. एक लिटर पाण्याला 10 ग्रॅम चायना ग्रास आधी थंड पाण्यात भिजवायचं, मग त्याच पाण्यात उकळून पूर्ण विरघळवायचं. एकही धागा दिसता कामा नये, अर्धवट विरघळलं तर जेली बसत नाही. साखर याच वेळी घाला. निळं पाणी शेवटी मिसळा, पण ते घट्ट केलेलं आणि कोमट असू द्या, गार पाणी ओतलंत तर गुठळ्या होतील. एकूण पाणी मात्र लिटरभरच धरा. तीस मुलांना लहान ग्लासातून दोन लिटर पुरे.

चव काय द्यायची हा प्रश्न येईल, कारण गोकर्णाला स्वतःची अशी चव नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात माठात वाळा टाकतात ना? स्वच्छ धुतलेल्या वाळ्याची जुडी रात्रभर पिण्याच्या पाण्यात ठेवा आणि तेच पाणी जेलीला वापरा. बाजारातलं हिरवं सरबत घालू नका, सगळी मेहनत परत हिरवी होईल. लिंबूही नको, कारण आंबट लागलं की गोकर्ण जांभळा होतो. हे मुद्दाम करून दाखवण्यासारखं आहे बरं का. अर्धी जेली विस्तवावरून उतरवल्यावर तिच्यात लिंबाचे थेंब घाला. उकळताना घातलंत तर जेली सैल पडेल. एकाच भांड्यातून निळा आणि जांभळा असे दोन थर निघतात, आणि दुसरा कुठलाही रंग विकत आणावा लागत नाही.

आत मासे आंब्याचे. मे महिना आहे, आंबा आहे. घट्ट गराचा घ्या, बैगनपल्ली छान. जाडसर काप काढून छोट्या साच्याने किंवा सुरीने मासे कापा. ग्लासात निम्मी जेली ओता, ती थरथरण्याइतपत बसली की मासे ठेवा आणि वरून उरलेली कोमट जेली घाला. निळ्या पाण्यात पिवळे मासे तरंगताना दिसतात.

आता बिटाचा केक. तो तपकिरी का झाला हे कळलं तर बाकीचं तुम्हालाच सुचेल. बिटाचा रंग आंबटपणात टिकतो. उष्णता आणि सोडा दोन्ही त्याचे वैरी. केकच्या पिठात दोन्ही असतात. हळदीचं तर आणखीच वेगळं, सोडा लागला की ती लाल होते. डागावर साबण लावल्यावर पाहिलं असेलच. पालक आंबट दह्यात आणि भट्टीत गेला की शेवाळी होतो. गोकर्णाचाही पिठात भरवसा नाही. म्हणून घरचे रंग भाजायच्या पिठात घालूच नका. ते जेलीत घाला, क्रीममध्ये घाला, वड्यांत घाला, जिथे विस्तव आणि सोडा नाही तिथे. केकचा गाभा साधा पिवळसर व्हॅनिलाच राहू दे. इंद्रधनुषी थर कापताना क्षणभर डोळे दिपवतात, पण सगळ्यात जास्त रंग पोटात जातो तो तिथूनच.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका. त्या अर्ध्याहून जास्त बरोबर आहेत. किराणा दुकानात कागदाच्या पुडीत सुटा मिळणारा रंग घरात आणूच नये. फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ती त्यात रोडामाइन-बी सापडलं म्हणून. तो कापडाचा रंग आहे. पुढच्याच महिन्यात कर्नाटकनेही तसं पाऊल उचललं. भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे, आणि तीही मोजून, बहुतेक पदार्थांत किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंतच. त्या आठांत निळे दोन: ब्रिलियंट ब्लू आणि इंडिगो कार्मिन. बाटलीवर त्यांचे क्रमांक 133 आणि 132 असे छापलेले असतात, शेजारी चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. हे दोन्ही वाचता येत नसेल तर बाटली परत ठेवा.

युरोपात 2010 पासून सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चंचलपणाबद्दल इशारा छापावा लागतो. त्यांत टार्ट्राझिन आहे, सनसेट यलो आहे, कार्मोइसिन आणि पॉन्सो आहेत, म्हणजे पिवळे, केशरी आणि लाल. निळा त्या सहांत नाही. तुमच्या लेकीने नकळत बरा रंग निवडलाय. याचा अर्थ तो वाटेल तितका ओतावा असा नाही, पण एका पातळ थरापुरता वापरायला हरकत नाही, असं सासूबाईंना माझ्या वतीने सांगा.

मी खरी घाबरते ती चमकीला. जलपरी म्हटलं की दुकानदार पुढे करतो ती मोतिया, चंदेरी पावडर. तिच्या डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. त्याचा अर्थ ती खाण्यासाठी आहे असा होत नाही. अमेरिकेत र्‍होड आयलंडमध्ये 2018 साली वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या झाल्या. क्रीमवरच्या चमकी पावडरीत तांबं निघालं. डबीवर घटकांची यादी आणि ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती चमकी केकवर जाता कामा नये, सजावटीला बाजूलासुद्धा नको. कडक चंदेरी गोळ्याही टाळा. पाहुण्यांत कुणाचं तरी दोन-तीन वर्षांचं भावंड असतंच, आणि या गोळ्या घशात अडकतात.

स्पंजचं प्रमाण देते, बिनअंड्याचं. एक कप ताजं दही आणि पाऊण कप साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून पाच मिनिटं थांबा, बुडबुडे येतील. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, एक चमचा व्हॅनिला आणि तीनदा चाळलेला दीड कप मैदा. चमचा म्हणजे चहाचा. एवढ्यात साधारण बारा कपकेक होतात, 175 अंशांवर अठरा-वीस मिनिटांत. तीस मुलांसाठी तीन घाणे आणि केकसाठी चौथा. पण चारही घाण्यांचं पीठ एकदम भिजवू नका. दह्यात सोडा पडला की त्याचं काम तिथेच सुरू होतं आणि ओटीजीबाहेर वाट पाहणारं पीठ बसून जातं. एक घाणा आत गेला की दुसऱ्याची साखर फेटायला घ्या. दही मे महिन्यात दुपारपर्यंत आंबतं, म्हणून हे सगळं पहाटे करा. तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहणंही सोसतं.

बिस्किटांना बेकिंग पावडर अजिबात नको, नाहीतर माशांचे बेडूक होतील. 75 ग्रॅम पिठीसाखर, 150 ग्रॅम बटर, 225 ग्रॅम मैदा. मळून, लाटून, कापून झाल्यावर ट्रेसकट वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग 170 अंशांवर कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. गार बिस्किट भट्टीत आकार धरून राहतं. हे काम लेकीला द्या. सहा वर्षांचं मूल साचा छान दाबतं, आणि आपण कापलेला मासा ते टेबलावर शोधत राहतं. यांच्यासाठी बटर नेहमीचं पिवळं असलं तरी चालेल. चार दिवस आधी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मात्र डबा कूलरच्या खोलीत उघडू नका. कूलरची हवा ओली असते आणि खुसखुशीत बिस्किट अर्ध्या तासात मऊ पडतं. डोळ्याचा ठिपका चॉकलेटचा, खवले पिठीसाखर दुधात सैल कालवून काढलेल्या रेघांचे. रंग नसला तरी मासा मासाच दिसतो.

शिंपले आणि तारामासे सासूबाईंकडे सोपवा. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. हलव्याचे दागिने, चिरोट्याची गुलाबी कड, रुखवतातली साखरेची फळं, साच्यातून पाडलेल्या वड्या, साखरेला आकार देण्याचं हे ज्ञान त्यांच्या पिढीच्या हातात आहे आणि कुठल्याही व्हिडिओत ते इतक्या सफाईने सापडत नाही. ओल्या नारळाच्या वड्यांचं सारण शिंपल्याच्या चॉकलेट साच्यात दाबलं की पांढरे शिंपले तयार. काहींना बिटाच्या दोन थेंबांनी गुलाबी करा, इथे बीट टिकेल, फक्त रस गॅस बंद केल्यावर घाला. तारामाशांसाठी तर नागपूर सोडून कुठे जायची गरजच नाही. संत्रा बर्फी आणा, थोडी मळून लाटा आणि चांदणीच्या साच्याने कापा.

केकवर जलपरी किंवा कासव हवंच असेल तर काजूकतलीचं पीठ वापरा. गोव्यात नाताळच्या फराळात, कुस्वारात, काजूचं मार्झिपान असतं. रंगीत, साच्यात पाडलेलं, बदामाऐवजी काजूचं. तेच तत्त्व. 200 ग्रॅम काजूपूड, 100 ग्रॅम साखरेचा एकतारी पाक, मळून गोळा. फाँडंटसारखंच वळतं आणि मुलं ते खातात. फक्त बोलावणं करतानाच प्रत्येक आईला विचारून घ्या, कुणाला काजू-शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का. असेल तर कासव बिस्किटाचंच करा.

आता निळं क्रीम. 250 ग्रॅम पांढरं बटर, 400 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, दोन चमचे गार दूध. रंग जेलचा घ्या. पाण्यासारखा पातळ रंग क्रीम सैल करतो. आणि थोडा कमी वाटला की थांबा. बटरक्रीममधला रंग रात्रभरात गडद होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी फिकटच ठेवा. गडद निळ्याच्या मागे लागलात तर क्रीम कडू लागेल आणि तीस मुलं निळे दात घेऊन घरी जातील. कपकेकवर नोझलचे उंच मनोरे नकोत, चमच्याच्या पाठीने पसरलेली पातळ लाट पुरे. क्रीम अर्ध्या भागाला लावा, उरलेल्या भागावर मारी बिस्किटाचा चुरा दाबा. निळं पाणी, खाली वाळू, वर एक मासा खोचलेला. मोठ्या केकलाही असंच, पायाशी वाळू, वर निळा, कडेला शिंपले. रंगीत साखरेचे दाणे भुरभुरायचे असतील तर अगदी शेवटी, ओल्या क्रीमवर त्यांचा रंग उतरतो.

कामाची वाटणी अशी होईल: बिस्किटं चार दिवस आधी, वड्या आणि काजूचं पीठ दोन दिवस आधी, स्पंज आदल्या पहाटे, जेली आणि क्रीम आदल्या संध्याकाळी. वाढदिवसाच्या सकाळी फक्त लावालावी, आणि लावून झालं की सगळं फ्रिजमध्ये. टेबलावर आधी मांडून ठेवायची ती जेली आणि बिस्किटं. कपकेक आणि केक औक्षण झाल्यावरच बाहेर काढा. निरांजनाने ओवाळणं, फोटो, आजीचे आशीर्वाद यात सहज वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात क्रीमचा जीव जातो. खवा आणि नारळाचे पदार्थही दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नका. फ्रिजमध्ये जागा पुरत नसेल तर शेजारणीला आत्ताच विचारून ठेवा. ऐन वेळी तिच्याकडे आंबरस आणि कलिंगड भरलेलं असेल.

शेवटी नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. ते अगदीच टाकाऊ नाही. आदल्या पहाटे स्पंज बसला, वीज गेली किंवा तुम्हीच दमलात, तर बेकरीतून साध्या पांढऱ्या क्रीमचा व्हॅनिला केक आणा, बिनअंड्याचा सांगून, नाव न घालता. वरून मारीची वाळू घाला, सासूबाईंचे शिंपले लावा आणि लेकीने कापलेले मासे त्यात उभे खोचा. पांढरा राहिला तरी तो समुद्रच दिसेल. निळा रंग तेव्हा जेलीत असेलच.